तोळ्याला साडेतीन मासे

कलकत्त्यावर बाँब पडले त्या हिवाळ्यात माझे वडील घरी परत आले. पंधरा वर्षं ते तिथं गलाईचं काम करत होते. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात, म्हणजे जहाल ॲसिडात, घालून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध धातू ज्याचा त्याला परत द्यायचा. आमच्या विट्याच्या बाजूची कितीतरी माणसं याच धंद्यापायी मुलूखभर पांगलेली होती. वर्षातून महिनाभर घरी येत, शेताची व्यवस्था लावत आणि पुन्हा जात. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत मी आबांना सगळी मिळून एक वर्षभरच पाहिलं असेल.

या खेपेला ते दुकान बंद करून आले होते. सोबत कपड्यांचं एक बोचकं, काटा-वजनांची पेटी आणि वाळूनं भरलेलं एक लाकडी खोकं होतं. वाळूत चिनी मातीची बरणी पुरलेली होती आणि बरणीत शोऱ्याचं तेजाब. तीन दिवसांच्या रेल्वे प्रवासात ते खोकं त्यांनी पायांमधून हलू दिलं नव्हतं.

"कुनी इचारलं तर गंगेचं पानी हाय म्हनायचो," आबा आईला सांगत होते. "नागपूरच्या पुढं एक म्हातारी पायाच पडली खोक्याच्या. म्हनली, थेंबभर तीर्थ द्या. तवा मातूर घाम फुटला गं मला. म्हनलं, आजे, नवसाचं हाय, घरी गेल्याबिगर बूच काढाय न्हाई येत."

आई हसायची सोडून खोक्यापासून चार हात लांब सरकली.

आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे वाचत. पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागत, दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत, आणि नवरा-बायकोतलं बोलणं परक्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे दोघांनाही संकोच. म्हणून त्यांनी मला शाळेत घातलं होतं. एका पोरीनं घरातल्या घरात पत्र लिहावं, एवढाच हेतू. पण मी सातवी झाले, हायस्कुलात गेले आणि ते आले त्या साली मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होते. वर्गात एकतीस मुलगे आणि मी.

आम्हाला शास्त्र शिकवायला एक तरुण सर नवीन आले होते. सांगलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेले, किरकोळ अंगाचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात सहा परीक्षानळ्या, त्यांतल्या दोन तडकलेल्या, एक स्पिरिटचा दिवा, मोरचुदाची पुडी, गंधकाचा खडा. लढाईमुळे मुंबईहून काही येत नव्हतं. त्यात आमच्या भागात चळवळ जोरात होती. शाळेनं ॲसिडची मागणी पाठवली तर कागद फौजदाराच्या टेबलावर जाऊन बसला. मास्तरला तेजाब कशाला हवं, असा त्याला प्रश्न पडला.

सर मात्र फळ्यावर समीकरण लिहून मोकळे होणाऱ्यांतले नव्हते. "न पाहिलेलं पाठ करू नका," असं ते म्हणत. लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात घालून त्यांनी आम्हाला पहिल्यांदा धातूंची अदलाबदल दाखवली, तेव्हा खिळ्यावर चढलेला तांबडा थर बघायला एकतीस मुलगे बाकांवर उभे राहिले होते. मी पुढच्या बाकावर एकटीच बसायचे, म्हणून मला नीट दिसलं. मी घरी जाऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय! तांब्याची पट्टी चांदीच्या पान्यात घालून बघ म्हनावं मास्तरला. चांदी अशी उतरती, जशी काय सायच."

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवला.

"तुझे वडील गलाईचं काम करतात?"

"होय सर."

"त्यांच्याकडे नायट्रिक ॲसिड असतं?"

"तेजाब म्हनतात. बरणीभर हाय."

त्याच संध्याकाळी सर आमच्या घरी आले. मास्तर घरी आला म्हणजे पोरीनं काहीतरी केलं असणार, या भीतीनं आईनं आधी माझ्याकडे बघितलं. सरांनी घोंगडीवर बसून सरळ विचारलं, मुलांना प्रयोग दाखवायचा आहे, थोडं तेजाब द्याल का?

आबांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. मग उठून बाटलीभर तेजाब काढलं आणि पेटीतून एक तोळा शुद्ध चांदी काट्यावर तोलून त्यांच्या हातावर ठेवली.

"नुसत्या तेजाबाचं काय करशीला? चांदी बी न्या. आधी पानी, मग तेजाब, उलटं करू नगा. आन् हवेत करा, खोलीत न्हाई. लाल धूर निगंल, त्यो छातीत घेऊ नगा."

"आणि ही चांदी?"

"परत येतीय की. कुटं जातीय ती?"

सर गेल्यावर आई म्हणाली, "आवं, चांदी पान्यात इरघळवायला दिली? वळख ना पाळख."

"मानूस मागाय आला तवा खाली बसून बोलला," आबा म्हणाले. "लय झालं."

सरांनी प्रयोग शाळेच्या पडवीत केला. चांदी तेजाबात गेली, लाल-तपकिरी धूर निघाला, आम्ही सगळे वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे होतो. बघता बघता तोळाभर चांदी नाहीशी झाली आणि भांड्यात निव्वळ पाण्यासारखं पाणी राहिलं. मग त्यात तांब्याची पट्टी सोडली. पट्टीवर करडी लव उगवली, वाढली, गळून तळाशी बसली. पाणी हळूहळू निळं होत गेलं. चांदी परत आली होती आणि तिच्या जागी तांबं पाण्यात गेलं होतं.

सरांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. आदल्या दिवशीच त्यांनी फळ्यावर गणित मांडलं होतं. तांब्याच्या कणाचं वजन इतकं, चांदीच्या कणाचं इतकं. तांब्याचा एक कण पाण्यात उतरला की चांदीचे दोन बाहेर येतात. तर एक तोळा चांदी बाहेर काढायला तांबं किती खर्च होईल? बारा माशांचा तोळा धरून उत्तर आलं होतं साडेतीन मासे, वर किंचित. आता वर्गात परतून पट्टी धुऊन, पुसून, सोनाराकडून आणलेल्या काट्यात घातली. चांदी पुरी तोळाभर आली होती. पण तांबं साडेतीन नव्हे, पावणेपाच मासे कमी झालं होतं.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. दुसरे सर असते तर म्हणाले असते, काट्यात दोष आहे. आमच्या सरांनी फळ्यावर "पुस्तक: साडेतीन" असं लिहिलं होतं, त्याखाली "काटा: पावणेपाच" असं लिहिलं आणि आमच्याकडे वळले.

"पुस्तक खोटं नाही आणि काटाही खोटा नाही. चूक माझी आहे. कुठं आहे ते मला आत्ता माहीत नाही. सापडेपर्यंत हे कुणी पुसू नका."

चार दिवस ते आकडे फळ्यावर राहिले. भूगोलाच्या मास्तरांनी त्यांना वळसा घालून आफ्रिकेचा नकाशा काढला. मी आजवर पुष्कळ विद्वान माणसं पाहिली, पण आपली चूक फळ्यावर अशी जपून ठेवणारा दुसरा माणूस पाहिला नाही.

घरी मी हे आबांना सांगितलं ते चौथ्या दिवशी, जेवताना. आबांचा घास हातातच राहिला.

"किती म्हनलीस? पुस्तकात किती?"

"तोळ्याला साडेतीन मासे."

"ह्यो आकडा त्येला कुनी सांगितला?"

"कुणी नाही. सरांनी गणित केलं."

"गनित केलं? चांदी कवा गाळलीय का त्या मास्तरनं?"

"नाही, आबा."

ते हात धुवायलाही उठेनात. मग सांगू लागले. कलकत्त्यात ते ज्या वस्तादाच्या हाताखाली शिकले, त्यानं भट्टी दिली, मूस दिली, तेजाब ओळखायला शिकवलं, पण हा आकडा मात्र दिला नव्हता. गिऱ्हाइकाच्या चांदीला तांबं किती लागणार हे ज्याला आधी ठाऊक, त्याला घटलेल्या तांब्यावरूनच चांदी किती निघाली ते कळतं आणि कुणी फसवू शकत नाही. बारा वर्षं राबल्यावर, वस्ताद आजारी पडला तेव्हा त्यानं आबांना जवळ बोलावून कानात सांगितलं होतं: तोळ्याला साडेतीन मासे. त्यालाही तो त्याच्या वस्तादाकडून मिळालेला.

"बारा वरसं," आबा म्हणाले. "आन् ह्यो पोरगा खडूनं काढतोय."

मला वाटलं ते रागावलेत. पण ते रागावले नव्हते. घास परत ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "तेजाब उरलं हुतं का पान्यात? वास मारत हुता?"

"होय. नाक धरलं होतं सगळ्यांनी."

आबा हसले. "मग तांबं जास्तीच जानार. उरल्यालं तेजाब काय उपाशी बसतंय व्हय? चांदी न्हाई गावली की तांबं खातंय. आधी आटवून तेजाब उडवाय पायजे. जा, मास्तरला सांग." आणि लगेच म्हणाले, "नगं. मीच येतो."

आबा शाळेत आले ते धुतलेलं धोतर नेसून, काट्याची पेटी काखेत धरून. त्यांची बोटं तेजाबानं पिवळी आणि चांदीच्या पाण्यानं काळी पडलेली होती. ती घासून जात नसत. ते पडवीत उकिडवे बसले आणि त्यांनी कामाला सुरुवात केली. सर खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मग आम्हीही बसलो.

आबांनी तीच तोळाभर चांदी तेजाबात विरघळवली. मंद निखाऱ्यावर ते पाणी आटवलं, पुन्हा पुन्हा हातानं वाफ नाकाकडे ओढून वास घेतला. वास पुरता गेला तेव्हा तळाशी चांदीचं पांढरं मीठ राहिलं. त्यात घालायला त्यांनी घरून पावसाचं पाणी आणलं होतं.

"विहिरीचं का नाही?" सरांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत असणार. ते आमच्यासाठी विचारत होते.

"दुधावानी हुतंय. इहिरीच्या पान्याला चांदी सोसत न्हाई."

"मीठ," सर आम्हाला म्हणाले. "विहिरीच्या पाण्यात थोडं खायचं मीठ असतं. चांदी आणि मीठ भेटलं की पांढरा साका होतो. ते म्हणतात ते अगदी बरोबर आहे."

मग पट्टी तोलून पाण्यात सोडली. सगळी चांदी उतरेपर्यंत तास गेला, पण कुणी हललं नाही. आबांनी पट्टी धुतली, उबेवर धरून सुकवली आणि काट्यात घातली. समोर पट्टीचं आधीचं वजन ठेवून, कमी पडलं ते भरायला पट्टीच्या पितळी पारड्यात एकेक वजन चढवत गेले. शेवटी गुंजा टाकल्या, माशाला आठ असतात त्या. पारडी समोरासमोर थांबली.

"साडेतीन मासं," आबा म्हणाले, "आन् वर अर्धी गुंज. ती अर्धी गुंज माज्या हाताची चूक."

सरांनी वहीत घाईघाईनं आकडेमोड केली आणि लहान मुलासारखे ओरडले, "नाही! त्यातली पाव गुंज पुस्तकातच आहे. साडेतीन मासे आणि पाव गुंज! तुमची चूक फक्त पाव गुंजेची आहे!"

आबांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले कोण जाणे, सरांना की दारातून दिसणाऱ्या फळ्याला. सर म्हणाले, "अहो, हे काय करता? कॉलेजात काचेच्या पेटीतल्या काट्यावर मला इतकं जवळ कधी आलं नव्हतं." आणि त्यांनी आत जाऊन "काटा: पावणेपाच" पुसलं. त्या जागी नवा आकडा लिहायला खडू माझ्या हातात दिला.

यानंतर आबा अधूनमधून शाळेत येऊ लागले. शेवटच्या बाकावर बसत आणि कळलं नाही तर बेधडक विचारत. "शिशाचा कन किती वजनाचा?" "सोन्याला एकटं तेजाब का खात न्हाई?" मुलांना आधी गंमत वाटायची, मग मुलंही विचारू लागली.

पण आबांना खरं थक्क केलं ते विजेच्या प्रयोगानं. गावात वीज नव्हती. कराडची मोटार मात्र दुपारी बारा ते तीन विट्याला थांबायची. लढाईमुळे ती कोळशावर चाले, तरी तिला बॅटरी होतीच. सरांनी ड्रायव्हरला गळ घातली. तो बॅटरी द्यायला तयार झाला, पण म्हणाला, "माल माज्या अंगावर हाय. मी संगं येनार." आणि तो वर्गात येऊन बॅटरीवर हात ठेवून बसला.

सरांनी काचेच्या भांड्यात चांदीच्या मिठाचं पाणी घेतलं. एका तारेला आईचं मोडकं जोडवं बांधलं, दुसरीला शुद्ध चांदीची बारीक तार. जोडव्यात तांब्याची भेसळ होती हे आबांनी कसोटीवर घासूनच सांगितलं होतं. तारा बॅटरीला जोडल्या. थोडा वेळ काही दिसेना. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, बॅटरी उतरल हां." तेवढ्यात बारीक तारेवर काहीतरी चमकलं. सुईएवढं टोक आलं, त्याला फांदी फुटली, फांदीला पानं. बाभळीच्या डहाळीसारखं चांदीचं झुडूप पाण्यात वाढू लागलं आणि समोर जोडवं झिजत चाललं. पाण्याला निळसर झाक येऊ लागली.

आबा उठून भांड्यापाशी आले. त्यांनी वाकून वास घेतला. पुन्हा घेतला.

"धूर न्हाई."

"नाही," सर म्हणाले.

"तांबं पान्यातच ऱ्हायलं. चांदी तेवढी पलीकडं गेली." त्यांनी भांड्यावर हात धरून पाहिला. "भट्टी न्हाई, धूर न्हाई. आमचा वस्ताद खोकून खोकून गेला, मास्तर. शेवटाला रगत पडायचं. त्येला कुनी ह्ये दावलं न्हाई."

 सरांनी चष्मा काढून पुसला. "मोठ्या शहरांतल्या कारखान्यांत हे करतात," ते हळू म्हणाले. "कलकत्त्यात वीज आहे. तुम्हालाही करता येईल. मी सगळं लिहून देतो."

"मला वाचाय येत न्हाई."

"हिला येतं," सर म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

अडीच वाजले तसा ड्रायव्हर बॅटरी उचलून निघाला. दारातून परत वळून म्हणाला, "उद्या बी थांबतीय मोटार. बारा ते तीन."

सरांनी चार पानं लिहून दिली: पाणी किती, मीठ किती, तारा कशा जोडायच्या. मी ती आबांना इतक्यांदा वाचून दाखवली की त्यांना पाठ झाली. तरी मी वाचतच राहिले, कारण ते मधेच थांबवून विचारत, "ह्ये अक्षर कंचं?" आणि वर्ष सरायच्या आत ती चार पानं ते स्वतः वाचू लागले, बोट ठेवून, एकेक शब्द. देवाधर्माच्या पोथीवरून अक्षरओळख झालेली माणसं मी पाहिली आहेत. माझ्या वडिलांची चांदीच्या शुद्धीकरणावरून झाली.

मी मॅट्रिक पास झाले. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. चुलते म्हणाले, पोरीला आता आणखी शिकवून काय दुकानात बसवायचीय? आबांनी वाद घातला नाही. जून महिन्यात मला घेऊन ते मोटारनं सांगलीला गेले. सरांनी आधीच पत्र पाठवलं होतं.

कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक वयस्क होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गुणपत्रिका पाहिली आणि आबांना नम्रपणे म्हणाले, "मुलगी हुशार आहे. पण प्रयोगशाळेत ॲसिडं असतात, ज्वाळा असतात. मुली सहसा भाषा वगैरे विषय घेतात. हिला भीती नाही ना वाटणार?"

"वाटल की," आबा म्हणाले. "वाटायच पायजे. मला पंधरा वरसं रोज वाटत आलीया, म्हनून तर जिता हाय. ज्येला भ्या वाटत न्हाई त्येला तेजाबाजवळ उभा करू नगा."

प्राध्यापकांनी आबांच्या बोटांकडे पाहिलं, उठून उभे राहिले आणि आम्हा दोघांना प्रयोगशाळा दाखवायला स्वतः घेऊन गेले. लांबच लांब टेबलं, नळ, काचेची कपाटं. आबांनी कशालाही हात लावला नाही. नुसते बघत चालले, देवळातून फिरावं तसे.

बंद केलेलं दुकान पुन्हा उघडायला त्याच दिवशी त्यांना मिरजेहून कलकत्त्याची गाडी धरायची होती. बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी टांगा थांबवला, तेजाबाचं खोकं आधी चढवलं, मग स्वतः चढले. आईला पत्र लिही म्हणाले. मग म्हणाले, "मला बी लिही. मोठ्या अक्षरात लिही, म्हंजे दुसऱ्याला इचाराय नगं."

टांगा निघाला. कॉलेजात माझं नाव दाखल झालं होतं आणि पहिला तास अकराला होता. मी वही उघडली, पहिल्या पानावर माझं नाव घातलं आणि आत गेले.